नानांचं घर साफ करायला कोणाला बोलवावं?

पत्र असं आहे. नाव-गाव न छापण्याची विनंती होती, म्हणून थोडं आवरून देते.

"मी पुण्यात असते. माझे वडील, नाना, रेल्वेतून निवृत्त झाल्यावर भुसावळच्या घरात एकटेच राहायचे. मार्चअखेर ते न्हाणीच्या उंबऱ्याजवळ पडले, डोक्याला मार लागला. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी फोन उचलला नाही, मला वाटलं झोपले असतील. चार दिवसांनी शेजाऱ्यांनी दार तोडलं. पोलीस, पोस्टमॉर्टम, अंत्यविधी, सगळं यावलच्या चुलतभावाने केलं. गंधमुक्तीही (उत्तरकार्य) त्याच्याकडेच झाली. घर तेव्हापासून कुलपात आहे आणि शेजारी वासाबद्दल बोलतात. इंटरनेटवर सापडलेल्या एका कंपनीने ५५ हजार सांगितले. सगळे पैसे आधी हवेत, आम्ही सरकारमान्य आहोत, घर शंभर टक्के जंतुमुक्त करून देऊ, असं म्हणाले. गल्लीतला एक जण म्हणतो, पालिकेची दोन माणसं आणतो, तीन हजार आणि एक बाटली द्या. घरच्यांचा आग्रह आहे की आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावाने भरतात ती, घागर नानांच्याच घरात भरायची. मला तर त्या दाराशी उभंही राहवत नाही. कोणावर भरवसा ठेवू?"

ताई,

आधी एक सांगते, जे तुम्ही विचारलेलं नाही. त्या खोलीत तुम्ही पाऊल टाकायचं नाही, आणि तुमच्या चुलतभावानेही नाही. त्याने एकदा पाहिलं तेवढं पुष्कळ झालं. माझी सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून गेली. वॉर्डातलं रक्त पुसून घरी गेल्यावर आम्हाला जेवण जायचं. बापाचं रक्त स्वतः पुसलेल्या माणसाला ती फरशी वर्षानुवर्षं दिसत राहते. आपलं माणूस, आपणच करायला हवं, परक्याचा हात कशाला, असं म्हणत पुष्कळ घरांत मुलं-मुली बादली घेऊन बसतात. त्यामागची माया मला कळते, तरी सांगते, नका करू. नानांसाठी जे करायचं ते तुम्ही सगळ्यांनी केलंय.

शेजाऱ्यांशी बोलायचं असेल तर त्यांना एवढं सांगा, की वासाने रोग होत नाही. शरीर कुजताना पुट्रेसिन, कॅडॅव्हरिन अशी द्रव्यं तयार होतात, हा वास त्यांचा. मृतदेहांमुळे साथ पसरते ही समजूत चुकीची आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेने पुन्हा पुन्हा सांगितलंय. धोका आहे तो प्रत्यक्ष हात लावणाऱ्याला. एचआयव्हीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तात फार टिकत नाही. हिपॅटायटिस बीचा मात्र वाळलेल्या डागातही निदान सात दिवस जिवंत राहतो. तुमच्याकडे त्याहून जास्त दिवस गेलेत, म्हणजे तो धोका आता बराच उतरला असणार. तरी वाळलेल्या डागावर कोरडा झाडू फिरवला की धूळ उडते आणि नाकातोंडात जाते, म्हणून कोणीही झाडू घेऊन आत जाऊ नये. मोठ्या माशा दिसल्या तरी घाबरू नका. त्यांच्या अळ्या फटींत शिरून कोषात जातात आणि आठ-पंधरा दिवसांनी माशा होऊन बाहेर येतात.

म्हणजे काम करायलाच हवं, पण आज रात्रीच करायला हवं असं नाही. हे मनात पक्कं करा, कारण या धंद्यातला लबाड माणूस तुमची घाई आणि तुमची लाज, या दोनच गोष्टींवर पैसे कमावतो. आजच केलं नाही तर किडे भिंतीत जातील, पोलीस पुन्हा येतील, गल्लीत बोभाटा होईल, असं जो बोलेल त्याचा फोन तिथेच ठेवून द्या.

चांगल्या माणसाची पहिली खूण अशी, की दर सांगण्याआधी तो विचारतो, "पोलिसांचं काम झालं का?" असा मृत्यू झाला की पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात. पूर्वी हे दंड प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली व्हायचं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होतं. पंचनामा झाला म्हणजे तपास संपला असं नाही. व्हिसेरा (पोस्टमॉर्टममध्ये तपासणीसाठी काढलेले अवयवांचे नमुने) राखून ठेवला असेल तर कागद अजून उघडाच असतो. चुलतभावाला ठाण्यात पाठवा, तपासी अंमलदाराच्या नावे दोन ओळींचा अर्ज द्या की घर साफ करायचं आहे, हरकत आहे का, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. काम सुरू होण्याआधी प्रत्येक खोलीचे फोटोही काढून ठेवायचे, ते चुलतभावाने नाही, काम करणाऱ्या माणसाने. ५५ हजारवाल्या कंपनीने यातलं काही विचारलं का? तुमच्या पत्रात तसं कुठे दिसत नाही.

आता "सरकारमान्य" या शब्दाबद्दल. आपल्याकडे मृत्यूनंतरची घरं साफ करण्यासाठी वेगळा असा परवानाच नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात अशा कामाला राज्याच्या आरोग्य खात्याकडे नोंदणी लागते; इथे तशी सोय नाही. मग हे लोक दाखवतात काय? शॉप ॲक्टचा दाखला, जीएसटी क्रमांक, उद्यम नोंदणी. पेस्ट कंट्रोलवाले असतील तर १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालचा परवाना. हे कागद खरे असतात आणि मागावेतही, निदान उद्या तक्रार करायची झाली तर माणूस सापडतो. जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकून नाव जुळतं का तेही पाहा. पण झुरळं मारायचा परवाना म्हणजे रक्त काढता येण्याचा दाखला नव्हे. तो प्रश्न विचारूनच कळतो.

मी असते तर फोनवर सगळ्यात आधी गादीचं विचारलं असतं. नाना न्हाणीजवळ पडले, पण घरात पलंग आहे, सतरंज्या आहेत, पायपुसणी आहेत. "गादीचं काय करणार?" या प्रश्नाला "ड्रायक्लीन करून देतो, नवी दिसेल" असं उत्तर आलं तर त्या माणसाला हे काम येत नाही. कापसात एकदा द्रव उतरला की तो धुऊन निघत नाही. डाग गेला असेल तर गादी टाकायचीच, तीही दुहेरी पिशवीत बांधून, जाळण्याच्या योग्य भट्टीत. डाग पोचला नसेल तर ठेवता येते. जो आधी "बघावं लागेल, बघून सांगतो" म्हणतो आणि काय वाचेल, काय वाचणार नाही हे वस्तूगणिक सांगतो, त्याच्याकडे माझा कल राहील.

मग फरशी. हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि सगळ्यात जास्त इथेच फसवलं जातं. शहाबादी फरशी असो की मोझॅक, वरून चकचकीत पुसली की काम झाल्यासारखं दिसतं. चार दिवसांत शरीरातला द्रव फरशीच्या सांध्यांतून खालच्या वाळूत आणि चुन्यात उतरलेला असतो. वरून फिनेल मारलं की आठ दिवस बरं वाटतं, आणि उन्हाने घर तापलं की वास पुन्हा वर येतो. म्हणून विचारा, "सांध्यांत गेलं असेल तर काय करता?" फरशी उचलून खालचा थर काढू, तिथे पुन्हा भराव घालू, हे बरोबर उत्तर आहे. फरशी उचलायची नसेल तर निदान सांधे खरवडून, औषध मुरवून, नंतर वरून पक्के बंद करू, असं तरी तो म्हणायला हवा. न्हाणीच्या दाराची लाकडी चौकट खालून भिजली असेल तर तेवढा भाग कापावा लागतो. (धाब्याचं घर आणि सारवलेली जमीन असलेल्या वाचकांसाठी: तिथे वरून सारवून भागत नाही. डागाच्या पलीकडेही थोडी जमीन खणून ती माती बाहेर काढावी लागते, मग नवी माती भरून सारवायचं.)

आपल्याकडच्या घरांत आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते, ती म्हणजे कूलर. मार्चअखेर भुसावळला कूलर सुरू झालेला असतोच. तो चालू असेल तर त्याच्या जाळीतल्या गवताने चार दिवस तो वास प्यायलेला असतो. सगळं घर धुतलं आणि आखाजीला कूलर लावला की वास परत येणार. ती जाळी फेकायची, टाकी धुवायची. परगावच्या कंपनीला हे सुचेलच असं नाही, तुम्ही सांगा.

औषधांबद्दल थोडंसं, म्हणजे समोरचा काय बोलतो ते तुम्हाला तोलता येईल. दवाखान्यात रक्त सांडलं की आम्ही एक टक्क्याचं सोडियम हायपोक्लोराइट वापरायचो. पाच टक्क्यांच्या बाटलीतलं एक भाग आणि पाणी चार भाग. किंवा चांगली ब्लीचिंग पावडर असेल तर लिटरभर पाण्यात तीस-पस्तीस ग्रॅम. द्रावण रोज नवं करायचं, उघड्या डब्यातली पावडर उन्हात तिचा जोर घालवते. आधी घाण उचलायची, मग द्रावण ओतून अर्धा तास राहू द्यायचं, कारण रक्त असलं की क्लोरीन त्यातच खर्ची पडतो. हा क्रम उलटा सांगणारा, किंवा "मशीनने धूर सोडतो, एका तासात सगळं जंतुमुक्त" म्हणणारा माणूस नको. फवारणी, धुरी, ओझोनचं मशीन हे सगळं घाण काढून झाल्यावरचं काम आहे. ओझोन तर फुप्फुसांना घातक, तो सोडताना घरात माणूस, जनावर, पक्षी कोणी असता कामा नये.

न्हाणीत हमखास ॲसिडची बाटली असते. ब्लीच आणि ॲसिड एकत्र झालं की क्लोरीन वायू निघतो. बंद न्हाणीत त्याने माणूस मरू शकतो. हे वाक्य काम करणाऱ्या प्रत्येकाला वाचून दाखवा.

आता गल्लीतल्या त्या माणसाबद्दल, तीन हजार आणि बाटलीबद्दल. ताई, याला माझा साफ नकार आहे. जे काम आपल्याला बघवत नाही ते सफाई कामगाराला दारू पाजून, उघड्या हातांनी करायला लावायचं, ही जुनी रीत आहे आणि ती क्रूर आहे. ती माणसं कोणत्या वस्तीतून येतात हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. दारूने किळस बधिर होते, सोबत सावधपणाही जातो, मग काच लागते, ॲसिड मिसळलं जातं. नाना आयुष्यभर नोकरी केलेले गृहस्थ होते, त्यांच्या घरात त्यांच्या नावावर हे होऊ देऊ नका. स्थानिक माणसांकडूनच करून घ्यायचं झालं तर उघडपणे, पूर्ण मजुरी देऊन, आणि आतून पातळ व बाहेरून जाड रबरी असे दुहेरी हातमोजे, गमबूट, एन-९५ मास्क, चष्मा, प्लास्टिकचा एप्रन हे सगळं आपण आणून देऊन. एप्रिलच्या उन्हात त्या पोशाखात माणूस अर्ध्या तासात घामाने निथळतो. काम सकाळी सहा ते दहा एवढंच, मध्ये पाणी, ओआरएस, सावली.

कंपनीलाही हेच विचारा. "तुमच्या मुलांना हिपॅटायटिस बीची लस दिली आहे का?" तीन डोस असतात, साधारण सहा महिन्यांत पुरे होतात. मालक गोंधळला तर समजा की तो रोजंदारीवर नाक्यावरून माणसं उचलतो. जो आपल्या कामगाराचे हात जपत नाही, तो तुमच्या फरशीचा सांधा काय जपणार? माझ्या मते कंपनी ओळखायची याहून खात्रीची कसोटी नाही, आणि ती करायला तुम्हाला भुसावळला जावंही लागत नाही.

कचरा कुठे जाणार, हे लेखी घ्या. २०१६ च्या जैव-वैद्यकीय कचरा नियमांत रक्ताने भिजलेल्या वस्तू पिवळ्या पिशवीत जातात आणि भट्टीत जाळल्या जातात. ही व्यवस्था महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मंजुरीने चालते. ते नियम दवाखान्यांसाठी आहेत, घराला सरळ लागू होत नाहीत, त्यामुळे "आमचं टायअप आहे" असं कोणी म्हणालं तर कोणाशी, हे नावासह विचारा आणि कचरा दिल्याची पावती मागा. नसेल तर पालिकेच्या आरोग्य विभागात चुलतभावाने स्वच्छता निरीक्षकाला भेटून आधी ठरवावं. आणि कोणी कितीही सांगितलं तरी गादी, कपडे तापीत सोडायचे नाहीत. भुसावळ तेच पाणी पितं.

खानदेशात या कामाची पाटी लावलेलं दुकान तुम्हाला सहसा दिसणार नाही. नाशिक, पुणे, मुंबई किंवा सुरतेहून माणसं येतात आणि प्रवास धरून दर लावतात, म्हणून दर जास्त असणं हीच काही लबाडी नव्हे. पण त्याआधी एक रस्ता करून पाहा. जळगावच्या मोठ्या खासगी रुग्णालयांत साफसफाईचं कंत्राट एजन्सींकडे असतं आणि त्यांच्या माणसांना रक्त हाताळायची सवय असते. रुग्णालयाच्या इन्फेक्शन कंट्रोल सिस्टरला फोन करा आणि एवढंच विचारा, "असं घरकाम तुमच्या ओळखीचं कोणी नीट करतं का?" भुसावळला रेल्वेचं रुग्णालय आहे, नाना रेल्वेचे होते, तिथेही जरूर विचारा. शववाहिनीवाले किंवा ठाण्याबाहेरचे लोक नावं देतात, त्यात कमिशन असू शकतं. निदान दोन ठिकाणांहून दर घ्या.

दर एका आकड्यात घेऊ नका. किती माणसं, किती दिवस, कोणत्या वस्तू टाकणार, फरशी किती चौरस फूट उचलणार, पुन्हा बसवण्याचा खर्च कोणाचा, कचऱ्याचा खर्च, कर, आणि वास परत आला तर पुन्हा येण्याचे पैसे घेणार की नाही, हे सगळं वेगवेगळं लिहून हवं. "शंभर टक्के जंतुमुक्त" असं कोणतंही घर नसतं, तुमचं-माझंही नाही. त्याऐवजी काम पुरं झालं हे कशावरून मानायचं, ते ठरवा. मी सांगते ती अट घाला: काम संपल्यावर घर पूर्ण एक दिवस दारं-खिडक्या लावून, सुगंधी काही न मारता बंद ठेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी बाहेरच्या तिऱ्हाईत माणसाने आत जाऊन यायचं. वास नसेल तर उरलेले पैसे. आगाऊ एक तृतीयांशाच्या वर देऊ नका, शेवटचा तिसरा हिस्सा या परीक्षेनंतर. ही अट ऐकून जो चिडेल त्याला सोडून द्या. पैसे बँकेतून, पावती पक्की. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क लागत नाही.

करारात दोन वाक्यं जास्तीची टाका. एक, घरातले फोटो किंवा व्हिडिओ कंपनी कुठेही टाकणार नाही, चेहरा-पत्ता झाकूनसुद्धा नाही. हल्ली साफसफाईच्या आधीचं आणि नंतरचं दाखवणाऱ्या चित्रफितींवरच जाहिरात होते. दुसरं, सापडलेला प्रत्येक कागद आणि दागिना वेगळ्या पेटीत ठेवून यादीसह द्यायचा. नानांचा पेन्शनचा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), बँकेची पुस्तकं, ठेवींच्या पावत्या, घराचे कागद त्याच घरात असतील. डाग पडलेला कागदही फेकू नका म्हणावं, सावलीत वाळवून फोटो काढला तरी त्याचा उपयोग होतो. काम चालू असताना घरचा कोणीतरी बाहेर ओट्यावर हवा. चुलतभावाचा एखादा मित्र चालेल, तुम्ही नको.

राहिली आखाजी. घागर नानांच्याच घरात भरायची हा आग्रह मी खोडून काढणार नाही, खानदेशात त्या घागरीचं काय मोल आहे ते मला ठाऊक आहे, आणि आखाजीला माहेरी येणाऱ्या लेकीला काय वाटत असेल तेही. पण ही तारीख कंपनीला सांगू नका. तारीख कळली की दर वाढतो आणि काम उरकलं जातं. फरशी उचलली तर नवा थर वाळायला दिवस लागतात. घर तोवर तयार झालं तर उत्तम. नाही झालं तर या वर्षी घागर यावलला, गंधमुक्ती झाली त्याच घरी भरा. घरातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या बाईला हे आधी तुम्हीच विचारा. बहुतेक वेळा त्या होच म्हणतात, हट्ट मधल्या पिढीचा असतो. घर विकून टाका असंही कोणी सुचवेल. ते या वर्षी ठरवू नका.

आणि न उचललेल्या फोनबद्दल. एकट्या म्हाताऱ्या माणसाने एक संध्याकाळ फोन उचलला नाही की लेक म्हणते झोपले असतील. मीही तेच म्हटलं असतं, हे वाचणारी प्रत्येक लेक तेच म्हणेल. रात्री हेच पुन्हा पुन्हा डोक्यात येत असेल, झोप लागत नसेल, तर १४४१६ वर फोन करा. टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. घराचं काम होईपर्यंत थांबू नका.

दोन दरपत्रकं आली की सही करण्याआधी त्यांचे फोटो मला पाठवा. मी वाचून, काय राहिलंय ते त्याच दिवशी कळवीन.